हिरमोड, अपेक्षाभंग आणि ‘डिसअपॉइंटेड’

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



महोत्सव समितीने मला ‘मराठी माध्यम आणि इंग्रजी’ हा विषय दिला होता. या विषयावर आपल्या शाळेच्या साठ वर्षांत इतके बोलले गेले आहे की त्यात मी नव्याने काय घालणार, असा प्रश्न मला पडला. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी त्या विषयातला एकच शब्द आज बरोबर आणला आहे. तो शब्द म्हणजे ‘डिसअपॉइंटेड’. एका शब्दावर अर्धा तास बोलणे हा अतिरेक वाटेल. पण मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले आणि ते शिकवताना सर्वांत जास्त ओढाताण याच शब्दाने केली, असे माझ्या लक्षात आले आहे. हा शब्द प्रश्नपत्रिकेत येतो, कचेरीच्या पत्रव्यवहारात येतो, आणि अलीकडे तो आपल्या घराघरांतही शिरला आहे. शेवटच्या ठिकाणी तो नीट न समजता वापरला, तर त्याची किंमत लहान मुले मोजतात.

पुरानी बस्तीच्या आसपास वाढलेल्या मुलाला शब्दांची वाण कधीच नव्हती. घरात मराठी, रस्त्यावर छत्तीसगढी, बाजारात आणि दफ्तरात हिंदी, आणि शाळेच्या एका तासाला इंग्रजी. महामाया मंदिरापासून दूधाधारी मठापर्यंत चालत गेले तर वाटेत तीन भाषा तोंडात येऊन जात. मूल रुसून बसले की आई म्हणे, ‘तोंड का फुगवले आहेस?’ आणि शेजारची काकी दारातूनच विचारी, ‘काबर मुँह फुलाए हस?’ दोघींना एकच गोष्ट दिसत होती आणि दोघींनी ती एकाच अवयवावरून ओळखली होती. अशा मुलाला इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगणे सोपे जावे. पण झाले उलटेच. शब्द पुष्कळ होते म्हणून नेमका कोणता जोडायचा हे ठरेना, आणि मग शब्दकोशात पहिला दिसेल तो जोडला गेला.

तो पहिला शब्द म्हणजे ‘निराश’.

‘निराश’ या शब्दाची फोड करून पाहा. निर् अधिक आशा. ज्याच्यापाशी आशा उरलेली नाही तो निराश. हा फार मोठा शब्द आहे. एका परीक्षेत चार गुण कमी पडले, सहल पावसामुळे रद्द झाली, मामा सुट्टीत येणार होता तो आला नाही, एवढ्यासाठी कोणाची आशा संपत नाही. इंग्रजी ‘डिसअपॉइंटेड’ मात्र अगदी एवढ्याचसाठीही चालतो. त्याचा आवाका एका ठरावीक अपेक्षेपुरता असतो. काही घडेल असे वाटले होते, ते घडले नाही. त्या वाटण्याच्या जागी जी पोकळी राहिली तिचे हे नाव. उद्याची आशा त्यात शाबूत असते.

वर्गात या दोन शब्दांची गल्लत एका विशिष्ट रीतीने होत असे. विद्यार्थी मनात मराठी वाक्य तयार करी : ‘मी निराश झालो.’ मग तो निराश या शब्दाचा शब्दशः इंग्रजी पर्याय शोधी आणि लिही, ‘आय ॲम होपलेस’. इंग्रजी माणूस हे वाक्य वाचून काय समजेल? मी अगदी टाकाऊ आहे, माझ्याकडून काही होणार नाही, असे हा मुलगा स्वतःविषयी सांगतो आहे. मुलाला सांगायचे होते की माझा संघ सामना हरला. कागदावर उतरले ते त्याच्या लायकीविषयीचे प्रमाणपत्र. असेच दुसरे एक वाक्य : ‘माय मार्क्स आर डिसअपॉइंटेड’. म्हणजे गुणपत्रिकेतले आकडेच उदास होऊन बसले आहेत. तिथे ‘डिसअपॉइंटिंग’ हवे. मराठीत आपण ‘निराश’ आणि ‘निराशाजनक’ असे दोन शब्द वेगळे ठेवतो. निकाल निराशाजनक असतो, निराश होतो तो माणूस. इंग्रजीत तोच फरक शब्दाच्या शेपटीने होतो. आणि कोणी ‘आय ॲम डिसअपॉइंटिंग’ असे लिहिले, तर माझ्यामुळे इतरांचा हिरमोड होतो, अशी ती कबुली ठरते.

आता मराठीच्याच घरात जरा थांबू, कारण खरी श्रीमंती इथे आहे. ‘माझी निराशा झाली’, ‘मी निराश झालो’ आणि ‘मी निराश आहे’ ही तीन वाक्ये कानावर घेऊन पाहा. पहिल्यात एक घटना घडून गेली आहे; ती सांगणारा माणूस चहा पिता पिता सांगू शकतो. दुसऱ्यात त्या घटनेने माणसाला आत कुठेतरी स्पर्श केला आहे. तिसरे वाक्य कोणी म्हटले तर ऐकणाऱ्याने हातातले काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ बसले पाहिजे. इंग्रजीतले ‘आय ॲम डिसअपॉइंटेड’ हे रचनेने तिसऱ्या वाक्यासारखे दिसते, अर्थाने मात्र ते पहिल्याच्या शेजारी राहते. साचा तिसऱ्याचा, वजन पहिल्याचे. म्हणून शब्दाला शब्द आणि साच्याला साचा लावून भाषांतर केले की गाडी घसरते.

आणखी एक गोष्ट. मराठीत भावना बहुधा माणसाकडे आपण होऊन येतात. मला वाईट वाटते, मला राग येतो, माझा हिरमोड होतो. यात कोणी काही केले असे म्हणावेच लागत नाही. इंग्रजीत ‘डिसअपॉइंटेड’ हे मुळात कर्मणी रूप आहे. कोणीतरी किंवा कशानेतरी मला तसे केलेले असते, आणि करणाऱ्याचे नाव घ्यायला वाक्यात जागा राखून ठेवलेली असते. ‘कशाने?’ ‘कोणामुळे?’ हा प्रश्न त्या रूपातच दडलेला आहे. मराठीत ‘माझा हिरमोड झाला’ म्हणून माणूस गप्प बसला तर वाक्य पुरे होते, कोणावर आळ येत नाही. ही आपल्या भाषेची एक सभ्यता आहे, असे मला वाटते. तिचा तोटाही आहे, तो पुढे सांगते.

या एका इंग्रजी शब्दासमोर मराठी किती शब्द उभे करते, ते पाहण्यासारखे आहे. लहान मूल हिरमुसते, खट्टू होते. उत्साहाने केलेल्या बेतावर विरजण पडते; दुधात थेंबभर आंबट पडावे आणि सगळे दूध बदलून जावे, तसे. रंगलेल्या मैफलीचा विरस होतो. प्रेमात किंवा मानाच्या प्रसंगी मनोभंग होतो. व्यवहारात अपेक्षाभंग होतो. एखाद्या माणसाविषयी किंवा संस्थेविषयी मनात बाळगलेले चित्र खोटे निघाले की भ्रमनिरास होतो. हा शेवटचा शब्द पुष्कळजण ‘भ्रमनिराश’ असा लिहितात. आमंत्रणपत्रिकांत आणि वर्तमानपत्रांतही मी तो तसा पाहिला आहे. पण त्यातला ‘निरास’ दंत्य ‘स’चा आहे. त्याचा आशेशी संबंध नाही. निरास म्हणजे दूर फेकणे, घालवून देणे. भ्रमाचा निरास झाला म्हणजे डोळ्यांवरची पट्टी निघाली. तेव्हा भ्रमनिरासात दुःख असले तरी एक लाभही आहे. त्याला इंग्रजीत ‘डिसइल्युजन्ड’ हा जुळणारा शब्द आहे, आणि तो ‘डिसअपॉइंटेड’पेक्षा खोल जातो. वारंवार अडथळे येऊन हात-पाय बांधल्यासारखे वाटते त्याला ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणतात. मराठीत आपण त्याला वैफल्य म्हणतो, हिंदीत कुंठा.

हिंदीची आठवण निघाली म्हणून एक रायपुरी गंमत सांगते. हिंदीतली ‘उम्मीद’ आणि मराठीतली ‘उमेद’ ही एकाच फारसी शब्दाची लेकरे. पण माहेर एक असले तरी संसार वेगळे झाले. हिंदीत ‘उम्मीद टूट गई’ म्हणजे अपेक्षा मोडली. मराठीत ‘उमेद खचली’ म्हणजे काम करण्याची आतली ताकदच गेली. नवे पालक दोन्ही भाषा मिसळून मुलाविषयी बोलतात, ‘त्याची उमेदच तुटली’, आणि मराठी शिक्षिकेला वाटते, मुलगा अंथरुणाला खिळला की काय!

पण याच शब्दापासून आपल्याला ‘उमेदवार’ मिळाला, आणि तो आपल्याला थेट इंग्रजी शब्दाच्या मुळाशी नेतो. उमेदवार म्हणजे आशा धरून बसलेला. इंग्रजी अमदानीतल्या कचेऱ्यांत जागा रिकामी होईल या आशेवर बिनपगारी राबणाऱ्या तरुणांना उमेदवार म्हणत. आज तो शब्द निवडणुकीतही ऐकू येतो. उमेदवाराला हवी असते ती ‘अपॉइंटमेंट’, म्हणजे नेमणूक. आणि ‘डिसअपॉइंट’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ तोच : नेमणूक काढून घेणे, पदावरून दूर करणे. हा शब्द फ्रेंचमधून पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्यात भावनेचा लवलेश नव्हता. तो एक दफ्तरी शब्द होता. पुढे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचे भूत तो स्वतःविषयी वापरते, तिथे त्याचा अर्थ ‘मरणाची सिद्धता न झालेला’ असा आहे. खुर्ची गेली या अर्थापासून मन खट्टू झाले या अर्थापर्यंत शब्द येऊन पोहोचला. ज्याची खुर्ची गेली त्याला काय वाटत असेल याचा विचार केला तर हा प्रवास फारसा लांबचा वाटत नाही.

आपल्या प्रदेशाने तो जुना अर्थ प्रत्यक्ष पाहिला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाबरोबर मराठी माणसे छत्तीसगढात आली. बिंबाजी भोसले रतनपुराहून कारभार पाहत. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि लॉर्ड डलहौसीने दुसऱ्याच वर्षी ते राज्य खालसा केले. त्याबरोबर छत्तीसगढही कंपनी सरकारकडे गेले. एका कागदाने जुन्या राज्याच्या सगळ्या नेमणुकांचा आधारच गेला. ‘डिसअपॉइंट’ या क्रियापदाचा पंधराव्या शतकातला अर्थ एकोणिसाव्या शतकात इथे असा लागू झाला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत, नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्यप्रदेशात राहिले आणि आपली राजधानी भोपाळला गेली. ज्यांची सगळी सोयरीक, शिक्षण आणि कोर्टकचेऱ्या नागपुराशी बांधलेल्या होत्या, अशा इथल्या मराठी कुटुंबांना त्या वेळी काय वाटले असेल त्याला मी ‘निराशा’ म्हणणार नाही. माणसे खट्टू झाली, आणि मग कामाला लागली. निराश माणसे परमुलखात आपल्या भाषेची शाळा चालवत नाहीत.

आता मी ज्या कारणासाठी हा शब्द निवडला तिथे येते.

काही वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी एका परिचितांच्या घरी होते. नावगाव सांगण्याचे कारण नाही. मुलाला अपेक्षेपेक्षा कमी गुण मिळाले होते. वडील सुशिक्षित, शांत स्वभावाचे. आवाज चढवणे त्यांना ठाऊकच नाही. मुलाकडे पाहून ते इंग्रजीत एवढेच म्हणाले, ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू.’ नंतर मला म्हणाले, मराठीत बोललो असतो तर रागावल्यासारखे झाले असते, म्हणून इंग्रजीत सौम्य शब्दांत सांगितले. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकलेला होता. वडिलांना सौम्य वाटलेले ते वाक्य त्याला पूर्ण समजले होते. तो आत गेला आणि आठवडाभर त्या घरात त्याचा आवाज ऐकू आला नाही, असे त्याच्या आईने पुढे मला सांगितले.

त्या वाक्यात काय होते? सगळे काम ‘इन’ या दोन अक्षरांच्या शब्दाने केले होते. इंग्रजीत ‘डिसअपॉइंटेड’ या शब्दापुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते यावर वाक्याचे वजन ठरते, आणि आपण शाळेत ही अव्यये रिकाम्या जागा भरण्यापुरती शिकवतो. निकालाविषयी बोलायचे तर ‘बाय’ किंवा ‘ॲट’ : ‘आय वॉज डिसअपॉइंटेड ॲट द रिझल्ट’. बोट निकालाकडे आहे. एखाद्या वस्तूविषयी, सेवेविषयी, कामाविषयी नाराजी असेल तर ‘विथ’. ‘विथ’ माणसालाही लागते, पण तेव्हा सहसा त्याचे आताचे एखादे वागणे मनात असते. उद्या ते बदलू शकते. ‘इन’ मात्र माणसाच्या आत शिरते. तू मुळात कसा आहेस याविषयी मी काही समजूत बाळगली होती आणि ती चुकली, असे ते वाक्य म्हणते. गणितात कमी गुण पडले ही बातमी होती; वडिलांनी नकळत मुलाच्या चारित्र्यावर अभिप्राय दिला.

याला मराठीत प्रतिशब्द नाही असे मात्र समजू नका. आहे, आणि तो आपल्या सर्वांना चांगला ओळखीचा आहे : ‘तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ हे वाक्य ज्याने लहानपणी ऐकले आहे त्याला ‘इन’चा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्या आया हे वाक्य जपून वापरत. मूल खोटे बोलले, कोणाचे काही उचलून आणले, म्हाताऱ्या माणसाला उलट बोलले, तेव्हाच ते बाहेर निघे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ‘बरं, आता जेवायला बस’ असे म्हणण्याची पद्धत होती. ओरडा पडे तो जेवणानंतर. गुण आणि गुणदोष यांच्यातला फरक त्या कमी शिकलेल्या बायकांना कळत होता. इंग्रजीत बोलताना आपण तो हरवून बसतो, कारण परक्या भाषेतल्या शब्दाचे वजन आपल्या हाताला लागत नाही. मराठीत जो शब्द उच्चारताना जीभ अडखळेल, तो इंग्रजीत सहज निघून जातो.

‘अपेक्षा’ या शब्दाविषयी शिक्षिकेच्या सवयीने दोन शब्द बोलतेच. हा शब्द ‘ईक्ष्’ या संस्कृत धातूपासून झाला आहे. ईक्ष् म्हणजे पाहणे. इंग्रजी ‘एक्स्पेक्ट’च्या पोटातही लॅटिनचे ‘पाहणे’च आहे. वाट पाहणे ही कल्पना दोन्हीकडे एकच. पण आपल्याकडे या धातूचा गोतावळा मोठा आहे. अपेक्षा, उपेक्षा, प्रतीक्षा, परीक्षा, ही सगळी सख्खी भावंडे. शाळेत मुलाचा ज्या चार गोष्टींशी संबंध येतो त्या चारही पाहण्यातूनच निघाल्या आहेत, आणि कोण कुठल्या नजरेने पाहतो एवढाच त्यांच्यात भेद आहे. ज्या घरात परीक्षेनंतर अपेक्षेची उपेक्षा होते... असो, कोटी करण्याचा मोह आवरते.

मघाशी मी म्हटले की ‘माझा हिरमोड झाला’ या वाक्याच्या सभ्यतेचा तोटाही आहे. तो असा की ज्याने खरोखर शब्द मोडला त्यालाही ते मोकळे सोडते. स्नेहसंमेलनाला येतो म्हणून सांगून वडील आले नाहीत. मुलीने नाटकात काम केले, पडद्याच्या फटीतून खुर्ची रिकामी दिसली. घरी आल्यावर ती काय म्हणणार? ‘मला वाईट वाटले’ इतकेच. आणि आपण म्हणणार, त्यात काय एवढे, पुढच्या वर्षी येईन. इथे इंग्रजी ‘लेट डाउन’ कामाचे आहे. त्यात खाली सोडणे आहे. धरलेला हात सुटणे आहे. मराठीत याच्या सर्वांत जवळचा वाक्प्रचार ‘तोंडघशी पाडणे’ हा, पण तो आपण मोठ्यांच्या व्यवहारासाठी राखून ठेवला आहे. ऐन वेळी कंत्राटदाराने तोंडघशी पाडले असे आपण म्हणतो. बाबांनी मला तोंडघशी पाडले असे म्हणण्याची मुलांना मुभा नाही. अपेक्षाभंग हा शब्द घरात वरून खालीच वाहतो. आई-बापांचा मुलांकडून, गुरूंचा शिष्यांकडून. उलट्या दिशेने तो वाहू लागला की त्याला उद्धटपणा म्हणतात. मुलांनी ‘आय फेल्ट लेट डाउन’ असे इंग्रजीत म्हटले तर ते आपण ऐकून घेतो, कदाचित कौतुकही करतो. तेच मराठीत ऐकून घेण्याची तयारी असावी असे माझे पालकांना सांगणे आहे.

म्हणींनी हा विषय मुळीच टाळलेला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा. रेडी होईल, वाढेल, दूध देईल, असे मनोरे रचले आणि झाला टोणगा. ‘डिसअपॉइंटेड’ शिकवताना या एका म्हणीने माझे काम जितके सोपे केले तितके कोणत्याही शब्दकोशाने केले नाही. यात म्हशीचा काय दोष? तिने कुठे वचन दिले होते? भरवसा आपला, हिशेब आपला. ‘डोंगर पोखरून उंदीर’ यात कष्टांच्या मानाने फळ तोकडे. ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ यात नावाच्या मानाने वस्तू तोकडी. ‘बडा घर पोकळ वासा’ यात ज्याच्याकडून आधाराची आशा धरली तोच आतून रिकामा. इंग्रजीत या चारही प्रसंगी ‘डिसअपॉइंटेड’च चालेल. एक शब्द इतक्या ठिकाणी चालतो हे त्याचे सामर्थ्य, पण त्यामुळेच तो ऐकताना कोणता अर्थ घ्यायचा हे प्रसंगावरून ठरवावे लागते.

परदेशी माणसांशी पत्रव्यवहार करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना याचा अनुभव आला असेल. पुण्याला एका संगणक कंपनीत असलेल्या आपल्या एका विद्यार्थ्याने मला एक किस्सा सांगितला. परदेशातल्या वरिष्ठांचा संदेश आला, ‘आय ॲम अ लिटल डिसअपॉइंटेड’. ‘अ लिटल’ वाचून याला हायसे वाटले. थोडेसेच तर म्हणत आहेत! प्रकरण किती गंभीर होते ते पुढच्या बैठकीत कळले. तिकडच्या औपचारिक बोलण्यात हा शब्द आल्याबरोबर सावध व्हायचे असते, आणि पुढे ‘थोडेसे’ असले तर अधिकच. आपल्याकडे मराठीत तक्रार करताना माणूस संतापापासून सुरुवात करतो. तिथे संताप असभ्य समजला जातो आणि त्याचे काम या शब्दाकडून करून घेतले जाते. म्हणून तक्रारीच्या इंग्रजी पत्रात ‘मी फार रागावलो आहे’ असे न लिहिता ‘डिसअपॉइंटेड विथ द सर्व्हिस’ असे लिहावे. उत्तर येण्याचा संभव वाढतो.

हे सगळे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर एक मोठा माणूस येतो, आणि त्याचे नाव या गावात या विषयावर बोलताना घेतलेच पाहिजे. माधवराव सप्रे. जन्म १८७१, मातृभाषा मराठी, शिक्षण इकडचे, आणि लेखणी हिंदीची. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढला, १९०७ मध्ये नागपुराहून ‘हिंदी केसरी’. १९०८ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि माफी लिहून देऊन ते सुटले. त्यांच्यावर टीका झाली. त्यानंतर काही काळ ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले, समर्थ संप्रदायाच्या उपासनेत राहिले. पुढे त्यांनीच दासबोध हिंदीत आणला आणि लोकमान्यांचे १९१५ साली मराठीत निघालेले ‘गीतारहस्य’ही हिंदीत आणले. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले.

या प्रसंगाला कोणता शब्द लावाल? चाहत्यांच्या बाजूने पाहिले तर तो अपेक्षाभंग. ‘इन’ लावून म्हणण्याजोगा. त्यांच्या स्वतःच्या बाजूने मला ‘खंत’ हा शब्द योग्य वाटतो, आणि ‘खंत’ला इंग्रजीत एकच असा शब्द मला आजवर सापडलेला नाही. ‘रिग्रेट’ कोरडा आहे, ‘रिमोर्स’ पापाच्या वासाचा आहे. खंत माणसाला आतून पोखरते, पण काम करू देते. ‘निराश’ हा शब्द इथे मुळीच बसत नाही. दोन भाषांमध्ये एवढा मोठा पूल बांधणाऱ्या माणसाला मी निराश कसे म्हणू? वर्गात शब्दांचे वजन शिकवायचे असेल तर असे खरे आयुष्य समोर ठेवावे आणि मुलांना विचारावे, यातला कोणता शब्द बसतो ते सांग आणि का ते सांग. उत्तरपत्रिकेत न मावणारी उत्तरे येतात.

शाळेविषयीही एक वाक्य बोलले पाहिजे, कारण आज महोत्सव आहे म्हणून फक्त गौरवाचेच बोलणे मला जमणार नाही. या शाळेने आम्हाला इंग्रजी कमी दिले, असे म्हणणारे माजी विद्यार्थी या सभागृहात आहेत; पहिल्या मुलाखतीत जीभ टाळ्याला चिकटली तो दिवस ते विसरलेले नाहीत. त्यांची तक्रार खरी आहे. आणि आपल्याच माजी विद्यार्थ्यांनी आपली मुले दुसरीकडे घातली, वर्ग लहान होत गेले, ही शाळेच्या शिक्षकांची बाजूही खरी आहे. दोन्ही बाजूंनी ‘डिसअपॉइंटेड’ हा शब्द वापरता येईल. फक्त कोणते अव्यय लावायचे ते आपण ठरवावे. मी ‘विथ’ लावते. ‘इन’ लावणार नाही.

राहता राहिले स्पेलिंग. पालकांपैकी अनेकांना मुलांची वही तपासावी लागते, म्हणून सांगते. या शब्दात दोन ‘एस’ घालण्याची खोड सगळ्यांना असते. ‘अपॉइंट’ हा शब्द आधी लिहावा, त्यात ‘पी’ दोनदा येतो. मग त्याच्या आधी ‘डिस’ जोडावा, त्यात ‘एस’ एकदाच. एक ‘एस’, दोन ‘पी’. ‘अपॉइंटमेंट लेटर’ हे शब्द बहुतेक घरांत मोठ्या मानाने उच्चारले जातात, तेव्हा तेवढा भाग मुलांच्या लक्षात राहायला हरकत नसावी.